कॉलेजसाठी लॅपटॉप: चार वर्षं टिकणारा आणि खिशाला झेपणारा कसा निवडायचा

माझ्या भाचीने बारावीनंतर घेतलेला लॅपटॉप चौदाव्या महिन्यात माझ्या टेबलावर आला. प्रोसेसर उत्तम, एसएसडी (फाइल साठवणारी वेगवान डिस्क) ठणठणीत, बॅटरीही चांगली. फक्त झाकण उघडताना डाव्या कोपऱ्यातून 'कट्' असा आवाज यायचा. खालचं कव्हर काढलं तेव्हा हिंजचे (झाकणाच्या बिजागरीचे) तिन्ही स्क्रू घट्टच होते, पण ते ज्या छोट्या पितळी नळ्यांमध्ये पिळलेले असतात त्या नळ्याच प्लास्टिकमधून उपटून आल्या होत्या. हिंज कडक आणि त्याला धरून ठेवणारं प्लास्टिक जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं. रोज दहा-बारा वेळा झाकण उघडायचं-मिटायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? वॉरंटी दोन महिन्यांपूर्वी संपली होती. सर्व्हिस सेंटरने सांगितलेला खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश होता.

मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मशीनमध्ये तुटलेले हिंज, सैल झालेली चार्जिंग पिन, चहा सांडलेला कीबोर्ड, फुगलेली बॅटरी आणि बॅगेत दाबून फुटलेली स्क्रीन, एवढंच सतत दिसतं. प्रोसेसर जळाला म्हणून आलेला शेवटचा लॅपटॉप कोणता, ते मला आठवावं लागतं. आणि दुकानात मात्र सगळी चर्चा प्रोसेसरवर चालते. आईवडील कर्ज काढून, एखादी भिशी मोडून पैसे उभे करतात आणि ते सगळे इंटेलचा आय५ प्रोसेसर की आय७ यावर खर्च होतात. म्हणून हा लेख थोड्या वेगळ्या क्रमाने लिहितोय: आधी गरज, मग सांगाडा, मग आतले भाग, आणि शेवटी बिल.

पहिली पायरी: कोर्सला नेमकं काय लागतं ते विचारा

दुकानदाराला विचारू नका, त्याच कॉलेजात त्याच शाखेत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असणाऱ्या मुलामुलींना विचारा. "तुम्ही घरी कोणतं सॉफ्टवेअर चालवता, आणि कशासाठी लॅबमध्येच बसता?" एवढ्या एका प्रश्नाने दहा-वीस हजार वाचू शकतात.

बीए, बीकॉम, बीएस्सी, डीएड, लॉ यांना ब्राउझर, वर्ड, एक्सेल, पीडीएफ, ऑनलाइन लेक्चर आणि कॉमर्सवाल्यांना टॅली लागतं. त्याला ८ जीबी रॅम आणि साधा प्रोसेसर पुरतो. मात्र टॅली फक्त विंडोजवर चालतं, म्हणून कॉमर्सच्या मुलांनी क्रोमबुकच्या (विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या) वाट्याला जाऊ नये.

कॉम्प्युटर, आयटी, बीसीए, बीसीएस यांनी १६ जीबी रॅमच धरून चालावं. अॅप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ एमुलेटरसह (पडद्यावरच्या आभासी फोनसह) उघडा, मागे ब्राउझरचे पंधरा टॅब असू द्या, ८ जीबीवाला लॅपटॉप तिथेच धापा टाकतो. याच शाखेतल्या मुलांना हल्ली "एआय शिकायचं म्हणून ग्राफिक कार्ड लागतंच" असं सांगितलं जातं. पदवीच्या पातळीवर मशीन लर्निंगचे प्रयोग गूगल कोलॅबवर ब्राउझरमधून होतात, आणि तिथे मर्यादित वेळ का होईना पण जीपीयू (ग्राफिक कार्डावरचा प्रोसेसर) फुकट मिळतो. त्यासाठी गेमिंग लॅपटॉप घेऊ नका.

मेकॅनिकल, सिव्हिल आणि आर्किटेक्चरची गोष्ट वेगळी. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट फक्त विंडोजवर चालतात, म्हणून इथे मॅकबुक अडचणीचं ठरतं. ऑटोकॅडमधली द्विमितीय रेखाचित्रं साध्या आय५वरही होतात. मोठ्या असेंब्ली (अनेक भाग जोडलेली त्रिमितीय मॉडेल) आणि रेंडरिंग (त्यांची खरी वाटणारी चित्रं बनवणं) सुरू झालं की वेगळं ग्राफिक कार्ड उपयोगी पडतं. पण इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष बहुतेक गणित, भौतिकशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग यातच जातं. ग्राफिक कार्डाची खरी गरज आहे का, हे दुसऱ्या वर्षात कळतं. आर्किटेक्चर आणि अॅनिमेशन सोडलं तर मी पहिल्याच दिवशी गेमिंग लॅपटॉप घ्यायचा सल्ला देत नाही. तो सव्वादोन-अडीच किलोचा, त्याचा अडॅप्टर विटेएवढा, आणि लेक्चर हॉलमध्ये प्लग मिळाला नाही तर दुपारपर्यंत बॅटरी संपलेली. एसटीने किंवा लोकलने रोज ये-जा करणाऱ्या मुलाच्या पाठीला ते ओझं चार वर्षं वाहायचं असतं.

दुसरी पायरी: नवा की रिफर्बिश्ड

मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा बदलतात. ते लॅपटॉप व्यापाऱ्यांकडे जातात, साफ होतात, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत आणि ऑनलाइनही 'रिफर्बिश्ड' म्हणून विकले जातात. यात लेनोव्होची थिंकपॅड टी मालिका, डेलची लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक ही नावं लक्षात ठेवा. हे 'बिझनेस' वर्गातले लॅपटॉप. नवे असताना त्यांची किंमत घरगुती मॉडेलच्या दुप्पटही असायची, आणि तो पैसा नेमका सांगाड्यात गेलेला असतो: धातूच्या चौकटीला जोडलेले हिंज, पाणी सांडलं तर थोडं सांभाळून घेणारा कीबोर्ड, मोजक्या स्क्रूंनी सुटणारं खालचं कव्हर.

आणखी एक गोष्ट दुरुस्तीवाल्याच्या नजरेतून सांगतो. या तिन्ही कंपन्या अशा मॉडेलच्या दुरुस्तीची पुस्तिका सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवतात, कोणता स्क्रू कुठे इथपर्यंत. सुटे भागही मुबलक मिळतात, कारण तेच मॉडेल लाखोंनी विकलं गेलेलं असतं. बार्शीत किंवा चिपळूणमध्ये बसलेला कारागीरसुद्धा ते उघडून कीबोर्ड बदलू शकतो. दरवर्षी नवं रूप घेणाऱ्या स्वस्त घरगुती मॉडेलचं एक हिंज शोधायला कधीकधी महिना जातो.

पण रिफर्बिश्डमध्ये एक लक्ष्मणरेषा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेल प्रोसेसरची किमान ८वी पिढी किंवा एएमडीच्या लॅपटॉप प्रोसेसरची रायझन ३००० मालिका लागते. त्यामुळे ६व्या-७व्या पिढीचे लॅपटॉप सध्या फार स्वस्तात दिसतात आणि "सर, विंडोज ११ टाकून देतो" असंही म्हटलं जातं. आडमार्गाने ते टाकता येतं, पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. नाहीतर ८व्या पिढीच्या खाली उतरू नका. शिवाय इंटेलच्या ७व्या पिढीतल्या आय५-७२००यूमध्ये दोनच कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) होते आणि ८व्या पिढीतल्या आय५-८२५०यूमध्ये चार झाले. एका पिढीत एवढा फरक क्वचित पडतो.

माझ्या पाहण्यात विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त साथ दिलेली मॉडेल सांगायची तर थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९० आणि ५४००, एलिटबुक ८४० जी५. या सगळ्यांत रॅमचे दोन स्लॉट आहेत. बजेट थोडं वाढवता आलं तर १०व्या-११व्या पिढीची लॅटिट्यूड ५४१०, ५४२० बघा. टी४८० घेतलात तर एक काम विसरू नका: लेनोव्होच्या संकेतस्थळावरून थंडरबोल्टचं (वेगवान सी-टाइप पोर्टचं) फर्मवेअर, म्हणजे त्याच्या चिपमधलं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा. जुन्या फर्मवेअरमधल्या चुकीमुळे त्या काळातल्या थिंकपॅडचे सी-टाइप पोर्ट बंद पडतात, आणि मग मदरबोर्डवर काम करावं लागतं. थिंकपॅड एक्स१ कार्बन आणि टी१४एस दिसायला देखणे, हलके. पण त्यांची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते. जेवढी आहे तेवढीच, हे धरून घ्या.

नवाच का घ्यावा, याचीही ठोस कारणं आहेत. शिष्यवृत्ती किंवा कर्जासाठी नव्या मशीनचं बिल मागितलं जात असेल, जवळपास विश्वासाचा दुरुस्तीवाला नसेल, किंवा दिवसभर प्लगशिवाय काम करायचं असेल, तर नवा घ्या. मॅकबुक एअरला पंखा नसतो, बॅटरी फार चालते आणि बॉडी मजबूत, पण रॅम आणि स्टोरेज कधीच वाढत नाही आणि स्क्रीन फुटली तर खर्च डोळ्यांत पाणी आणतो. बजेट काठोकाठ असेल तर तिकडे जाऊ नका.

तिसरी पायरी: स्टिकरवरचे आकडे वाचायला शिका

प्रोसेसरच्या नावात सगळी माहिती असते, ती वाचता आली पाहिजे. आय५-१२३५यू म्हणजे १२वी पिढी, आणि शेवटचा यू म्हणजे कमी वीज खाणारा. एच असेल तर ताकद जास्त, उष्णताही जास्त. आता इंटेलने नव्या मॉडेलमधून 'आय' काढून नुसतं कोअर ३, कोअर ५ आणि कोअर अल्ट्रा अशी नावं ठेवली आहेत. एन१०० किंवा एन२०० असं दिसलं तर तो अगदी प्राथमिक कामाचा प्रोसेसर आहे हे ओळखा. नोट्स आणि व्हिडिओ पाहण्यापुरता ठीक.

एएमडीच्या ७००० मालिकेत तर आकडे फसवे आहेत. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही दोन नावं शेजारी ठेवली तर फरक दहाचा दिसतो. प्रत्यक्षात पहिल्यात जुन्या झेन २ रचनेचे चार कोअर आहेत आणि दुसऱ्यात झेन ३ चे सहा. युक्ती अशी: तिसरा आकडा पाहा. २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. ७३२०यू आणि ७५२०यू यांच्यासोबत येणारी रॅम बोर्डावर चिकटलेलीच असते, म्हणजे ८ जीबी घेतली की कायमची ८ जीबी. किंमत जवळपास सारखी असताना ७५३०यू सोडून ७५२०यू घेतलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि दोष त्यांचा नव्हता. नावच तसं ठेवलंय.

रॅमबाबत विचारायचा प्रश्न "किती आहे?" हा नसून "स्लॉट किती आहेत, मोकळा किती आहे?" हा आहे. पूर्वी मी बिनधास्त सांगायचो, आज ८ जीबी घ्या, दुसऱ्या वर्षी दीड-दोन हजारात आणखी ८ टाका. २०२५च्या अखेरीपासून रॅमच्या किमती भडकल्या, कारण कारखाने एआयच्या डेटा सेंटरकडे माल वळवू लागले. त्यामुळे 'नंतर वाढवू' हा हिशेब पहिल्यासारखा स्वस्त राहिलेला नाही. १६ जीबीचं मॉडेल थोड्याच फरकात मिळत असेल तर आत्ताच घ्या. तरीही मोकळा स्लॉट हवाच. चार वर्षांत रॅमची काडी खराब झाली तर बदलता आली पाहिजे.

स्टोरेज एसएसडीच हवं, ५१२ जीबी असेल तर चार वर्षं निवांत. अगदी स्वस्त लॅपटॉपवर ६४ किंवा १२८ जीबी 'ईएमएमसी' लिहिलेलं असतं. ते बोर्डावरच सोल्डर केलेलं, संथ, आणि विंडोजचे अपडेट घेता घेता भरून जाणारं. तो लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी परत ठेवून द्या.

स्क्रीनबद्दल दोनच शब्द: फुल एचडी (१९२० गुणिले १०८० ठिपके) आणि आयपीएस (तिरकं पाहिलं तरी रंग न बदलणारी). रिफर्बिश्ड टी४८० किंवा लॅटिट्यूडमध्ये हे खास तपासा, कारण त्या काळी कंपन्या खर्च वाचवायला १३६६ गुणिले ७६८ची टीएन (तिरकं पाहिलं की रंग बदलणारी, स्वस्त) स्क्रीन घ्यायच्या. दुकानात ओळखायची सोपी पद्धत आहे. एखाद्या माणसाचा फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडा आणि झाकण हळूहळू मागे झुकवा. चेहरा काळवंडत जाऊन निगेटिव्हसारखा दिसू लागला तर ती टीएन. त्यावर रोज चार तास वाचायचं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

बॅटरी तासांत सांगतात, तुम्ही वॅट-अवरमध्ये (बॅटरीत मावणारी वीज) विचारा. साधं लिहिणं-वाचणं करताना लॅपटॉप साधारण ७ ते १० वॅट खातो. ४१ वॅट-अवरच्या बॅटरीवर म्हणजे चार ते सहा तास. जाहिरातीतले दहा-बारा तास स्क्रीन अंधुक ठेवून, वायफाय जेमतेम वापरून मोजलेले असतात. चार्जिंग सी-टाइपने होत असेल तर उत्तमच: अडॅप्टर बिघडला तर मित्राचा ६५ वॅटचा चार्जर चालतो.

आणि हो, खोक्यावर 'मिलिटरी ग्रेड' किंवा एमआयएल-एसटीडी ८१०एच लिहिलेलं असतं. ती चाचणी बहुतेक वेळा कंपनी स्वतःच करून घेते, त्यातल्या कोणत्या कसोट्या घ्यायच्या तेही तीच ठरवते, आणि पडून फुटला तर वॉरंटीत काहीच फरक पडत नाही. तो ठसा पाहून जास्त पैसे मोजू नका. हाताने तपासा.

चौथी पायरी: दुकानात हात लावून बघा

याला दहा मिनिटं लागतात आणि कुठलाही भला दुकानदार नाही म्हणत नाही.

झाकण आधी मधोमध धरून उघडा, मग फक्त उजव्या कोपऱ्याने, मग डाव्या. एका कोपऱ्याने उघडताना झाकण पिळवटलं, करकरलं किंवा स्क्रीनवर पाण्यासारखे रंगाचे डाग फिरले, तर त्याचं पुढचं भविष्य मी वर सांगितलंच आहे. आता लॅपटॉप बाजूने पाहा. झाकण उघडताना हिंजच्या जवळ वरच्या आणि खालच्या कव्हरमध्ये फट पडते का? नखाएवढीही फट पडत असेल तर घेऊ नका.

कीबोर्डच्या मधोमध, जी आणि एचच्या आसपास, अंगठ्याने दाबा. पाळण्यासारखा खाली जात असेल तर खालची चौकट पातळ आहे. मग लॅपटॉप एका हाताने पुढच्या कोपऱ्याला धरून उचला. वाकतोय का जाणवेल. मुलं ग्रंथालयात असंच उचलून फिरतात, त्यामुळे ही कसोटी खरी.

शेवटी चार्जरची पिन घालून हलक्या हाताने चारी दिशांना हलवा. चार्जिंगचा दिवा लुकलुकला तर पिन सैल. नव्या लॅपटॉपमध्ये मात्र विचारायचं ते हे: चार्जिंगचा जॅक वायरने वेगळा जोडलेला आहे की बोर्डावरच सोल्डर केलेला? वेगळा असेल तर काही शेकड्यांत बदलतो. दुकानदाराला माहीत नसेल तर त्या मॉडेलची उघडून दाखवलेली चित्रफीत यूट्यूबवर बघा, रॅमचे स्लॉटही त्यातच दिसतात.

पाचवी पायरी: रिफर्बिश्ड असेल तर ही तपासणी चुकवू नका

सर्वांत आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये) जा. लॅपटॉप चालू करताच थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१० दाबून. तिथे पासवर्ड मागितला तर विषय संपला. तो पासवर्ड आधीच्या कंपनीचा असतो आणि बाजारात कोणी 'काढून देतो' म्हणालं तरी त्या भानगडीत पडू नका. बायोसमधला सिरियल नंबर खालच्या स्टिकरवरच्या नंबराशी जुळतो का, तेही तिथेच पाहून घ्या. जुळला नाही तर बोर्ड किंवा खालचं कव्हर बदललेलं असू शकतं.

दुसरी तपासणी फार थोडे लोक करतात, आणि तिनेच सर्वांत मोठा मनस्ताप वाचतो. विंडोज रिसेट करून, वायफाय जोडून, पहिल्यापासून सेटअप करायला सांगा. अर्धा तास लागतो, थांबा. सेटअपच्या मध्येच एखाद्या कंपनीचं नाव आणि "तुमचं ऑफिसचं खातं वापरून साइन इन करा" असा पडदा आला, तर तो लॅपटॉप अजूनही त्या कंपनीच्या यादीत आहे. दुकानदाराने इंटरनेटशिवाय विंडोज टाकलेलं असतं म्हणून दुकानात काहीच दिसत नाही. तुम्ही सहा महिन्यांनी रिसेट करता, ऐन परीक्षेत, आणि लॅपटॉप तुमचा राहत नाही. जुन्या मॅकबुकमध्येही आधीच्या मालकाचं अॅक्टिव्हेशन लॉक निघालंय ना, हे अशाच रीतीने पाहायचं.

मग बॅटरी. विंडोजमधलं कमांड प्रॉम्प्ट उघडून powercfg /batteryreport असं लिहा. एक फाइल तयार होते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा ४०,००० असेल तर बॅटरी ८० टक्के उरली आहे, चांगलं. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर नवी बॅटरी घालून मागा किंवा तेवढी किंमत कमी करून घ्या. दोन्ही आकडे हुबेहूब सारखे आणि सायकल (पूर्ण चार्जिंगच्या फेऱ्या) शून्य असतील तर बाजारातली नवी बॅटरी घातलेली असण्याची शक्यता जास्त. तिची वेगळी वॉरंटी लिहून घ्या.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा. उरलेलं आयुष्य टक्क्यांत आणि किती तास चालली ते तासांत दिसतं. बाकी कीबोर्डची प्रत्येक कळ, सगळे यूएसबी पोर्ट, कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर, एचडीएमआय हे एकदा चालवून बघा. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा फोटो लावून ठिपके पाहा. वीस मिनिटं यूट्यूबची चित्रफीत चालू ठेवून तळाला हात लावा. गरम लागणं साहजिक आहे, पण पंखा विमानासारखा ओरडत असेल तर आतली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) वाळलेली असू शकते. ती बदलून द्यायला सांगा, एका तासाचं काम आहे.

सहावी पायरी: बिल, वॉरंटी आणि खरेदीची वेळ

जीएसटीचं पक्कं बिल, आणि त्यावर सिरियल नंबर. "बिल नको असेल तर हजार रुपये कमी" हे ऐकलं की दुकानातून उठा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी लागतो; ऑनलाइन आणि दुकानातली किंमत ताडून पाहताना दोन्ही करासहित आहेत ना ते विचारा.

नव्या लॅपटॉपची वॉरंटी दोन प्रकारची असते. 'ऑनसाइट'मध्ये माणूस घरी येतो, 'कॅरी-इन'मध्ये आपण न्यायचा. पुण्यात राहणाऱ्याला याचं फारसं काही वाटणार नाही. गडचिरोलीच्या किंवा देवगडच्या विद्यार्थ्याला मात्र कॅरी-इन म्हणजे प्रत्येक वेळी दिवस मोडणं. कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड टाकून जवळचं केंद्र कुठे आहे ते घेण्याआधी पाहा. विद्यार्थ्यासाठी वाढीव वॉरंटीपेक्षा अपघाती नुकसानीचं संरक्षण जास्त कामाचं, कारण साधी वॉरंटी पडझड आणि पाणी धरत नाही. हे संरक्षण बहुधा खरेदीच्या वेळी किंवा ठरावीक मुदतीतच घेता येतं, आणि त्यात बॅटरी व हिंज येतात का हे वाचून घ्या.

बजेट ठरवताना दहा टक्के बाजूला ठेवा: चांगली गादीची बॅग, माउस, बॅकअपसाठी बाहेरची डिस्क. मायक्रोसॉफ्ट ऑफिससाठी लगेच पैसे भरू नका. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते येतं, कॉलेजच्या ईमेलवर मायक्रोसॉफ्टची विद्यार्थी आवृत्ती मिळते का ते विचारा, आणि काहीच नसेल तर लिब्रेऑफिस मोफत आहे. ऑटोडेस्कही विद्यार्थ्यांना ऑटोकॅड मोफत देतं.

वेळेचं म्हणाल तर प्रवेशाच्या हंगामात आणि मग दसरा-दिवाळीच्या आसपास सवलती असतात. पहिल्या सत्रात लॅपटॉपवाचून अडत नसेल तर दिवाळीपर्यंत थांबायला काहीच हरकत नाही; तोवर कोर्सला काय लागतं तेही नीट कळलेलं असतं. ऑनलाइन घेताना मॉडेलच्या नावावर विसंबू नका. त्याच नावाखाली वेगळी स्क्रीन, वेगळी रॅम असलेले पाच-सहा प्रकार असतात. शेवटची अक्षरं-आकडे कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तपासा. खोकं उघडताना सलग चित्रीकरण करा, सीलपासून पहिल्यांदा चालू होईपर्यंत.

घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी बिलाचा आणि खालच्या स्टिकरचा फोटो काढून स्वतःला ईमेल करा. बॅटरी रिपोर्टची फाइलही जपून ठेवा, वर्षाने ताडून पाहता येते. कंपनीच्या अॅपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर चालू करा. हॉस्टेलवर लॅपटॉप सतत प्लगला असतो आणि बॅटऱ्या फुगण्याचं ते एक मोठं कारण. टचपॅड वर आल्यासारखा वाटला किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसेनासा झाला, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बंद करा, आणि स्वतः टोचण्या-दाबण्याच्या फंदात न पडता कारागिराकडे न्या.

धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्ज होताना हाताला मुंग्या येतात अशी तक्रार पुष्कळ येते. बहुतेक वेळा लॅपटॉप चांगला असतो, भिंतीतल्या प्लगला अर्थिंग नसतं. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कन्व्हर्टरवर लावू नका, आणि खोलीमालकाकडे अर्थिंग मागाच.

बॅगेत चार्जर लॅपटॉपच्या झाकणाच्या बाजूला ठेवू नका. त्याच्या फुगवट्याने गर्दीच्या बसमध्ये स्क्रीन आतून फुटते, वरून ओरखडाही दिसत नाही. कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन विसरून झाकण मिटणं हे दुसरं कारण. गादीवर, रजईवर ठेवून काम करायचं नाही. हवा आत घेण्याची जाळी खाली असते. वर्षातून एकदा आतली धूळ काढून घ्या, पावसाळा संपल्यावर केलं तर उत्तम. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर लॅपटॉप नेताना बॅगेच्या रेनकव्हरवर भरवसा न ठेवता आत एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेवा.

आणि चहा सांडलाच, तर त्या क्षणी फाइल सेव्ह करायला धावू नका. चार्जर ओढून काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, झाकण पूर्ण उघडून लॅपटॉप टेबलाच्या कडेवर उलटा, तंबूसारखा ठेवा. बाहेरून काढता येणारी बॅटरी असेल तर काढा. तांदळात पुरू नका, हेअर ड्रायर लावू नका, आणि "चालू होतोय का बघूया" म्हणून बटण तर मुळीच दाबू नका. साखरेचं पाणी सुकताना बोर्डावर चिकटतं आणि वीज सुरू झाली की तांबं खातं. त्याच दिवशी कोणाकडून तरी उघडून, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घ्या. माझ्याकडे दोन तासांत बंद अवस्थेत आलेल्या बऱ्याच लॅपटॉपचं काम नव्या कीबोर्डावर भागलंय. दोन दिवस चालू करून पाहून मग आणलेल्यांचा बोर्ड गेला होता.